टॉन्सिल मोठे दिसतात, म्हणून काढायलाच हवेत का?

एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी सात वर्षांची. गेल्या वर्षभरात तिचा घसा सहा-सात वेळा धरला, त्यातल्या चार वेळा अँटिबायोटिक घ्यावं लागलं. आता ताप नाही, दुखतही नाही, तरी टॉन्सिल मोठेच दिसतात. हे वडील रोज सकाळी टॉर्च लावून तिचा घसा बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि कालच्या फोटोशी ताडून पाहतात. एका डॉक्टरांनी ‘काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगितलं, तर दुसऱ्यांनी ‘मोठी झाली की आपोआप लहान होतील, थांबा’. घरातही दोन तट पडलेत. पत्नीला ऑपरेशन उरकून टाकायचं आहे आणि आईचं म्हणणं, टॉन्सिल गेले की पोरीची प्रतिकारशक्तीच जाईल. ‘थंड काही देत नाही, तरी सुजतातच. आमचं कुठे चुकतंय आणि नेमकं कोणाचं ऐकू?’ असं ते विचारतात.

तुमचं पत्र वाचल्यावर आधी एकच सांगावंसं वाटलं: तो टॉर्च काही दिवस बाजूला ठेवा. चेष्टा करत नाहीये. ‘आ कर’ म्हटलं की मुलं जीभ ताठ करतात, त्यांना उबळ येते आणि उबळ आली की दोन्ही टॉन्सिल मध्याकडे सरकतात. त्या क्षणाच्या फोटोत ते आहेत त्याहून बरेच मोठे दिसतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी जीभ सैल सोडते आणि तुम्हाला वाटतं, सूज उतरली. तुम्ही टॉन्सिलचा नाही, तिच्या जिभेचा हिशेब ठेवताय. शिवाय सात वर्षांच्या मुलीचा दिवस रोज ‘बघू, अजून सुजलेत का’ या प्रश्नाने सुरू होतोय. आपल्या घशात काहीतरी बिघडलंय, हे तिच्या मनात पक्कं व्हायला एवढं पुरेसं आहे.

मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही. न तपासता ‘काढा’ किंवा ‘ठेवा’ सांगणारा आणखी एक माणूस तुम्हाला भेटला, तर गोंधळात भरच पडेल. पण तुमची काळजी ज्या समजुतींवर उभी आहे, त्या एकेक करून तपासता येतील.

मोठे टॉन्सिल म्हणजे आजारी टॉन्सिल, ही त्यातली पहिली. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या या गाठी म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा साठा. त्यांच्यावर खोल खाचा असतात. नाकातोंडातून येणारे जंतू तिथे अडकतात आणि शरीराला त्यांची ओळख पटते. साधारण तीन ते दहा या वयात हे काम सर्वांत जोरात चालतं, म्हणून या वयात निरोगी मुलांचेही टॉन्सिल मोठे असतात. वयात येताना ते हळूहळू आक्रसतात. डॉक्टर टॉन्सिलना एक ते चार असा क्रमांक देतात, पण तो क्रमांक घशातली किती जागा व्यापली एवढंच सांगतो. तीन नंबरचे टॉन्सिल असलेलं एक मूल रात्रभर शांत झोपतं, दुसरं गुदमरून दचकून उठतं. आकार सारखाच असला तरी उपाय वेगळा.

नुसतं बघून ठरवलं की काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. 1930च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यातल्या 61 टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली मुलं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी 45 टक्के मुलांना ऑपरेशन सुचवलं. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटलं होतं, ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. त्यांनी त्यातल्या 46 टक्क्यांना ऑपरेशन सांगितलं. राहिलेली पुन्हा तिसऱ्यांकडे, तर तिथेही 44 टक्के. शेवटी हजारातली 65 मुलं उरली, ज्यांना कोणीच ‘काढा’ म्हटलं नव्हतं. मुलं बदलत होती, घसे बदलत होते, शिफारशीचं प्रमाण मात्र जवळपास तेच. तुम्हाला दोन डॉक्टरांनी दोन मतं दिली याचं म्हणून मला फारसं नवल वाटत नाही. त्यांच्यासमोर तुम्ही नुसता घसा ठेवलात की वर्षभराचा नीट वृत्तान्त, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता ‘थंड’. तुम्ही वर्षभर तिला थंड काही दिलं नाहीत, तरी टॉन्सिल सुजले. म्हणजे उत्तर तुम्हालाच सापडलं होतं, फक्त तुम्ही ते स्वतःला दोष देण्याकडे वळवलंत. टॉन्सिलची सूज विषाणू किंवा जिवाणूंमुळे येते आणि ती एका मुलाकडून दुसऱ्याकडे खोकल्या-शिंकांतून, हातांतून, उष्ट्या पेल्यातून पोहोचते. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी-पडसं होणं अगदी नेहमीचं आहे. उलट सुजलेल्या घशाला थंड, मऊ पदार्थ बरे वाटतात, दुखणं थोडं बधिर होतं. तिला गार हवं असेल तर गार द्या, कोमट हवं असेल तर कोमट. यात तुमचं काही चुकलेलं नाही.

चुकलं असेलच तर अँटिबायोटिकच्या बाबतीत, आणि तेही तुमच्या एकट्याचं नाही. चार वेळा औषध झालं म्हणता. त्यातल्या किती वेळा घशाचा स्वॅब घेतला होता? घसा सुजण्याची बहुतेक कारणं विषाणूंची असतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. स्ट्रेप नावाचा जिवाणू मुलांच्या घसादुखीत शंभरात साधारण वीस-तीस वेळा सापडतो, मोठ्यांत त्याहून बराच कमी. ताप एकाएकी चढला, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखऱ्या झाल्या, टॉन्सिलवर पांढरा पू दिसतोय आणि खोकला मात्र नाही, असं चित्र असेल तर स्ट्रेपचा संशय वाढतो. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल झालेत, तर बहुधा विषाणूच. आणि पांढरे ठिपके दिसले म्हणजे स्ट्रेपच, हे धरून चालू नका. काही विषाणूही हुबेहूब तसाच पांढरा थर आणतात. स्ट्रेपची सगळी लक्षणं जमली तरी तपासणीत साधारण निम्म्यांतच तो निघतो. म्हणून लक्षणांवरून एवढंच ठरवायचं, की तपासणी करायची का.

‘पण तोवर थांबायचं कसं?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. झटपट चाचणीचं उत्तर काही मिनिटांत मिळतं, कल्चरला, म्हणजे घशातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात. स्ट्रेपवर औषध देण्याचं मोठं कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप टाळणं, कारण तो हृदयाच्या झडपांना इजा करू शकतो. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी हा बचाव होतो. दुखणं तर अँटिबायोटिकने जेमतेम दिवसभर लवकर कमी होतं. एक-दोन दिवस रिपोर्टची वाट पाहण्यात सहसा नुकसान नाही. मूल फारच आजारी दिसत असेल किंवा तुमच्या भागात ऱ्हुमॅटिक ताप आढळत असेल, तर डॉक्टर लगेच औषध सुरू करतील, आणि ते बरोबरच आहे. स्ट्रेप निघाला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन बहुधा दहा दिवसांचं असतं. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारायला लागलं की बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जाते, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. तसं होऊ देऊ नका.

एक बारकावा तुमच्या पत्रासाठी मुद्दाम लिहितो. काही मुलांच्या घशात स्ट्रेप नुसता मुक्कामाला असतो, आजार करत नाही. अशा मुलाला साधं पडसं झालं आणि त्यात चाचणी केली तर ती पॉझिटिव्ह येते. मग दर पडशाला अँटिबायोटिक आणि दर वेळी ‘पुन्हा स्ट्रेप’. तुमच्या मुलीच्या बाबतीत असं आहे का, हे डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा.

सूज आली की घरी काय करायचं, ते थोडक्यात. वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल द्या. ती पाणी नीट पीत असेल तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेनही चालतं. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही, त्याने रे सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ टाकून गुळण्या करायच्या. तुमची मुलगी त्या करू शकेल, त्याहून लहान मुलं बहुधा ते पाणी गिळूनच टाकतात. मध घसा शमवतो, पण वर्षाच्या आतल्या बाळाला तो अजिबात नको. चघळायच्या गोळ्या चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. दोन-तीन दिवस नीट जेवली नाही तरी फारसं बिघडत नाही, पाणी मात्र पोटात जात राहिलं पाहिजे. लघवी कमी आणि गडद व्हायला लागली तर ते कमी पडतंय. बहुतेक वेळा आठवड्याच्या आत सगळं निवळतं.

काही वेळा मात्र निवळण्याची वाट पाहायची नाही. मूल स्वतःची लाळही गिळू शकत नाही आणि ती बाहेर गळतेय, श्वास घेताना आवाज येतोय किंवा कष्ट पडताहेत, तोंड पुरतं उघडत नाही, तोंडात घास धरून बोलावं तसा आवाज येतोय, दुखणं एकाच बाजूला वाढत चाललंय, मान ताठ झाली आहे, यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. टॉन्सिलशेजारी पू साठला असेल तर तो काढावा लागतो. घरच्या गुळण्यांनी तो जात नाही.

आता ऑपरेशन. जगभर वापरला जाणारा एक दंडक आहे: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दर वर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं दर वर्षी तीन वेळा घसा सुजला असेल तर टॉन्सिल काढण्याचा विचार करावा. जॅक पॅरडाइज या बालरोगतज्ज्ञांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून तो आला आणि अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनातही तो ठेवला. तुमचं ‘सहा-सात वेळा’ वाचून तुम्हाला वाटेल, आलोच की काठावर. थांबा. यातली प्रत्येक खेप नोंदलेली असावी लागते आणि घसादुखीबरोबर यातलं काहीतरी असावं लागतं: 38.3 सेल्सिअसच्या वर म्हणजे फॅरनहाइटमध्ये जवळपास 101 ताप, किंवा गळ्यात सुजलेल्या गाठी, किंवा टॉन्सिलवर पू, किंवा स्ट्रेपची पॉझिटिव्ह चाचणी. नुसतं ‘घसा धरला होता’ यात बसत नाही.

पॅरडाइज यांच्याच गटाने 1978 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्यांच्या पालकांनी वारंवार घसा सुजतो असं सांगितलं होतं पण नोंदी नव्हत्या, अशी 65 मुलं त्यांनी पुढे नीट पाहत ठेवली. सांगितल्याइतका त्रास खरोखर झाला तो फक्त 11 मुलांना. पालक खोटं बोलत नव्हते. जागून काढलेल्या रात्री आठवणीत वाढतात, आणि शिवाय हा त्रास पुष्कळ मुलांत आपोआपच ओसरतो. 1984 च्या अभ्यासातही ऑपरेशन झालेल्यांना पहिली दोन वर्षं फायदा स्पष्ट दिसला, पण न झालेल्यांपैकी अनेकांचाही त्रास कमी झाला होता. ‘थांबा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या बोलण्यामागे हे आहे, ते टाळाटाळ करत नाहीयेत.

म्हणून टॉर्चऐवजी वही घ्या. घसा दुखायला लागला ती तारीख, थर्मामीटरवरचा आकडा, खोकला-सर्दी होती का, गाठी लागत होत्या का, पू दिसला का, चाचणी केली का, औषध कोणतं, शाळा किती दिवस बुडाली. प्रत्येक खेपेला पाच-सहा ओळी. मागच्या वर्षाची प्रिस्क्रिप्शनं घरात सापडली तर त्यांवरून जेवढं आठवतं तेवढं आधी लिहून काढा. तुमच्या सहा-सात खेपांतल्या कदाचित चारच खऱ्या अर्थाने टॉन्सिलच्या निघतील. किंवा सातही निघतील, आणि मग पत्नीचं म्हणणं उचलून धरायला तुमच्या हातात पुरावा असेल.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि मला सर्वांत जास्त तीच जाणून घ्यायची आहे. ती झोपते कशी? सर्दी नसतानाही रोज घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का? मध्येच श्वास काही सेकंद थांबून मग हिसका देऊन परत सुरू होतो का? मान मागे टाकून, अंथरुणभर लोळत, घामाघूम होते का? सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय का? दिवसा चिडचिड, वर्गात लक्ष नाही, वजन वाढत नाही, असं काही? मोठे टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या तशाच गाठी मिळून रात्री श्वासाची वाट अडवत असतील, तर सात-पाच-तीनच्या हिशेबाची गरजच उरत नाही. घसा वर्षात एकदाही सुजला नसला तरी ऑपरेशनचं ते सबळ कारण ठरतं. इथेही घाई लागतेच असं नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पाच ते नऊ वर्षांची, झोपेत श्वास अडणारी 464 मुलं होती. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली आणि नुसती देखरेख ठेवलेल्यांपैकी 46 टक्के मुलांची. म्हणजे ऑपरेशनचा फायदा ठळक, पण जवळपास निम्मी मुलं त्याविनाही सुधारली. त्रास सौम्य की तीव्र, यावर पुढचं ठरतं.

तुमच्या आईंची भीती समजण्यासारखी आहे, आणि त्यांना ‘तुला काय कळतंय’ म्हणून उडवून लावू नका. टॉन्सिल हा प्रतिकारशक्तीचा भाग आहे, हे त्यांचं बरोबरच आहे. पण तो एकटा नाही. जिभेच्या मुळाशी, नाकाच्या मागे आणि शरीरभर अशाच पेशींचे साठे आहेत आणि ते काम चालू ठेवतात. टॉन्सिल काढलेली मुलं पुढे सतत आजारी पडतात, असा अनुभव नाही. पत्नीलाही तितकंच प्रामाणिकपणे सांगायला हवं, की ऑपरेशननंतर सर्दी-खोकला बंद होत नाही आणि घसादुखीही शून्यावर येत नाही. ते काही किरकोळ काम नाही. पूर्ण भूल द्यावी लागते. नंतर आठवडा-दीड आठवडा, कधी दोन आठवडे घसा चांगलाच दुखतो आणि कानातही कळा येतात, कारण घशाची आणि कानाची संवेदना नेणारी नस एकच आहे. जखमेवर पांढरट खपली धरते. तो पू नव्हे, घाबरू नका. ती सुटताना, बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांत, रक्तस्राव होऊ शकतो. तोंडातून ताजं लाल रक्त आलं तर थोडं असलं तरी लगेच दवाखान्यात जायचं. दुखण्यासाठी कोडीनचं औषध मात्र मुलांना नको, काही मुलांत त्याने श्वास मंदावतो.

या सदराचे मोठे वाचकही घसा धरून बसलेले असतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. किशोरवयात किंवा विशीत घसा आठवडाभर सुजलेला, भयंकर थकवा आणि मानेत चौफेर गाठी असतील तर मोनो नावाच्या विषाणूच्या तापाचा विचार करायला सांगा. त्यात अमॉक्सिसिलिन घेतलं की अंगभर पुरळ उठू शकतं, आणि प्लीहा वाढलेली असू शकते म्हणून निदान तीन-चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ बंद. टॉन्सिलच्या खाचांत जमणारे दुर्गंधी खडे त्रासदायक असले तरी निरुपद्रवी असतात, ते टोकदार वस्तूने कोरू नका. आणि मोठ्या माणसाचा एकच टॉन्सिल वाढलेला असेल, दुखत नसेल, तीन आठवड्यांत कमी होत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणं लांबणीवर टाकू नका. कर्करोग तर नाही ना, याची आधी खात्री करून घ्यावी लागते.

तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. दोघा डॉक्टरांपैकी ज्यांच्याशी तुमचं बोलणं मोकळं होतं त्यांच्याकडे वही घेऊन परत जा, शक्य असेल तर पत्नीला बरोबर न्या. विचारा: तुम्ही ऑपरेशन सुचवताय ते घसा वारंवार सुजतो म्हणून, की झोपेत श्वास अडतो म्हणून? सहा महिने थांबलो तर काय बिघडू शकतं? थांबायचं ठरलं तर कशावरून कळेल की आता थांबणं पुरे? घसा वारंवार सुजण्याचाच प्रश्न असेल तर ही भेट काही महिन्यांच्या नोंदी जमल्यावर घेतली तरी चालेल. पण तिच्या झोपेबद्दल वर लिहिलेलं काही ओळखीचं वाटलं, तर आजच रात्री ती गाढ झोपल्यावर पाच-दहा मिनिटं शेजारी बसून ऐका. फोटोऐवजी तिच्या श्वासाचा आवाज येईल असा एक व्हिडिओ घ्या आणि तो याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.